ओव्हनमधली भुतं

गेली वीस-बावीस वर्षं आम्ही वस्त्यावस्त्यांतून एकच गोष्ट सांगत फिरत आहोत. भूत नसतं. दिवसभर कार्यालयात नावे-जमेच्या नोंदी करायच्या आणि संध्याकाळी सायकल काढून कुठल्या तरी अभ्यासिकेत, कुणाच्या तरी ओट्यावर हेच सांगत बसायचं, हा आमचा शिरस्ता. अशा माणसाने स्वतःच्या हाताने बत्तीस भुतं तयार केली, भट्टीत भाजली आणि लेकराबाळांना जेवू घातली, असं कुणी सांगितलं तर वाचक बंधू-भगिनींना हसू येईल. पण ते घडलं आहे. आणि त्यात आम्हीच काही शिकलो, म्हणून हे लिहीत आहोत.

२०२३ च्या ऑक्टोबर महिन्यात आमच्या धाकट्या बहिणीने आम्हांला अमेरिकेत, न्यू जर्सी राज्यातल्या तिच्या घरी बोलावून घेतलं. तिकीट तिनेच काढलं. आमच्या पगारात ते बसणारं नव्हतं. तिथे पोहोचलो आणि पहिल्याच सकाळी फिरायला निघालो, तर काय पाहावं! घराघरांपुढे माणसाचे सांगाडे उभे, अंगणात खोट्या कबरी, झाडांवर कापसाची कोळिष्टकं आणि पायऱ्यांवर डोळे-दात कोरलेले भोपळे. जन्मभर ज्याच्याविरुद्ध बोललो, ते इथे एवढ्या शिकल्यासवरल्या लोकांनी दारात मांडलेलं! आम्ही तसेच घरी परतलो आणि बहिणीला विचारलं, "हे काय गं?"

ती म्हणाली, "दादा, हॅलोवीन आहे. एकतीस ऑक्टोबरला."

मग तिने सांगितलं आणि पुढे आम्हीही वाचलं. हा सण मुळात आयर्लंड-स्कॉटलंडकडचा. सुगी संपून हिवाळा लागताना तिथले जुने लोक साउइन नावाचा सण पाळत. त्या रात्री मेलेल्यांचे आत्मे फिरतात अशी त्यांची समजूत. पुढे ख्रिस्ती धर्मात १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा दिवस ठरला आणि त्याची आदली संध्याकाळ म्हणजे हॅलोवीन. १८४५ पासून आयर्लंडात बटाट्याच्या पिकावर रोग पडला, मोठा दुष्काळ झाला. दहा लाखांच्या आसपास माणसं उपासमारीने आणि रोगराईने मेली आणि जवळजवळ तितकीच देश सोडून गेली. त्यांतली पुष्कळशी अमेरिकेत उतरली आणि त्यांच्या गाठोड्यातून हा सणही आला. तिकडे ते सलगम कोरून दिवे करायचे, इकडे भोपळा मिळाला. भीती हळूहळू मागे पडली आणि पोरांचा खेळ उरला. आता मुलं भुताखेतांचे वेष घालून दारोदार जातात आणि पिशवीभर चॉकलेटं, गोळ्या घेऊन येतात.

इथेच जेवणाचा प्रश्न येतो. पोर एकदा त्या गोळ्यांवर बसलं की रात्री जेवणाला हात लावत नाही. म्हणून तिथल्या आया एक युक्ती करतात. मुलं बाहेर पडण्याआधी त्यांना पोटभर तिखटामिठाचं जेवण द्यायचं. आणि ती ते मुकाट खावीत म्हणून त्या जेवणालाच भुताचं रूप द्यायचं. सगळं ओव्हनमध्ये भाजायचं, म्हणजे आईला चुलीपाशी उभं राहावं लागत नाही.

आमची भाची नऊ वर्षांची. तीस तारखेला शाळेतून आली आणि आमच्या गळ्यात पडून म्हणाली, "मामा, उद्या आपण दोघं घोस्ट करायचे. डिनरला."

आम्ही म्हणालो, "नाही. आम्ही भूतबीत करत नाही."

आवाज जरा चढलाच असावा. पोर गप्प झाली आणि आत निघून गेली.

रात्री बहीण समोर येऊन बसली. तिला आम्ही का चिडलो हे ठाऊक होतं. आमच्या घरात ती गोष्ट कुणी काढत नाही, पण ठाऊक सगळ्यांना आहे. आमच्या थोरल्या बहिणीला, अक्काला, १९८६ साली पावसाळ्यात ताप चढला. ती तेरा वर्षांची, आम्ही नऊ, ही धाकटी चार. दुसऱ्या दिवशी अक्का बरळू लागली, तिला झटके येऊ लागले. गावात कुणी तरी म्हणालं, विहिरीवरचं लागलंय. देवऋषी आला. अक्काला घराच्या मेढीला दोराने बांधलं, लिंबाच्या फोकांनी झोडपलं, मिरच्यांची धुरी दिली. आम्ही दारात उभे राहून पाहत होतो. पाचव्या दिवशी अक्का गेली. मोठेपणी एका डॉक्टरांना लक्षणं सांगितली तेव्हा ते म्हणाले, मेंदूज्वर असावा. आज भूत काढण्याच्या नावाखाली मारहाण करणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. त्या कायद्यासाठी वर्षानुवर्षं झटलेले डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा त्याच वर्षी २० ऑगस्टला पुण्यात खून झाला. अक्काच्या वेळी कायदाही नव्हता आणि गावात बोलणाराही कुणी नव्हता.

बहीण म्हणाली, "दादा, अक्काला भुताने नाही मारलं. भुताच्या भीतीने मारलं. माझ्या पोरीला ती भीती ठाऊकच नाही. तिच्या लेखी भूत म्हणजे बटाटा. ते तिच्यापासून कशाला काढून घेतोस?"

आमच्यापाशी उत्तर नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही अंगात एप्रन चढवला. बेत तीन पदार्थांचा होता. पहिला, बटाट्याची भुतं. एक किलो चिकनचा खिमा कांदा, आलं-लसूण, गाजर आणि मटार घालून कोरडा शिजवला, बहिणीने वरून आपला काळा मसाला टाकला आणि तो काचेच्या पसरट भांड्यात दाबून बसवला. दीड किलो बटाटे उकडून गरम असतानाच कुस्करले, त्यात लोणी, मीठ आणि दूध. हा लगदा कोपरा कापलेल्या पिशवीत भरून खिम्यावर पिळायचा, म्हणजे पांढरी शेंडीदार भुतं उभी राहतात. आम्ही दूध जास्त घातलं. पहिली चार भुतं उभी राहिली आणि बघता बघता मांडी घालून बसली. भाची पोट धरून हसली, "मामा, तुझी भुतं दमली!" मग आणखी दोन बटाटे उकडून मिसळले, तेव्हा ती ताठ झाली. डोळ्यांना काळी मिरी. अशी बारा भुतं चारशे डिग्री फॅरनहाइटवर, म्हणजे सुमारे दोनशे सेल्सिअसवर, पंचवीस मिनिटं भाजली. शेंड्या सोनेरी झाल्या.

दुसरा पदार्थ नारिंगी ढोबळ्या मिरच्यांचा. देठाकडून टोपी कापायची, बिया काढायच्या आणि सुरीच्या टोकाने डोळे-तोंड कोरायचं. आत भात, राजमा, मक्याचे दाणे आणि चीज. ट्रेमध्ये थोडं पाणी घालून, वरून फॉइल झाकून पाऊण तास भाजलं की कोरलेल्या तोंडातून चीज ओघळतं. अशा चार.

तिसरा पदार्थ ममी. इजिप्तमध्ये मृतदेह पट्ट्यांत गुंडाळून ठेवत, त्याची ही नक्कल. दुकानात लाटलेलं तयार पीठ मिळतं. त्याच्या बोटभर रुंदीच्या पट्ट्या कापायच्या आणि चिकनच्या सॉसेजभोवती आडव्यातिडव्या गुंडाळायच्या. डोळ्यांपुरती फट सोडायची. मग पंधरा मिनिटं भाजायचं. सॉसेज सोळा होते.

आम्ही पहिल्या सॉसेजला पट्टी गुंडाळू लागलो आणि आमचा हात थांबला. मेढ दिसली. दोर दिसला.

भाचीने विचारलं, "मामा, काय झालं?"

आम्ही बहिणीकडे पाहिलं. तिने मान हलवली. मग पोरीला झेपेल अशा शब्दांत आम्ही सगळं सांगितलं. तुला एक थोरली मावशी होती, तिला ताप आला होता, आणि लोक म्हणाले हिला भूत लागलंय, असं.

पोरीने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पण डॉक्टरकडे का नाही नेलं?"

आम्ही म्हणालो, "डॉक्टर तालुक्याला होते."

"बस नव्हती?"

बस होती. रोज दोन वेळा एस.टी. आमच्या घरावरून जात होती. त्या पाच दिवसांत दहा वेळा गेली. हा हिशेब आम्ही, जन्मभर हिशेबच करत आलेल्या माणसाने, कधीच मांडला नव्हता. आम्ही म्हणालो, "बस होती, बाळा. पण सगळे घाबरले होते."

तिने आमच्या हातातली पट्टी काढून घेतली. "तू नको करू. मी करते. तू डोळे लाव." तिने सोळाही ममी गुंडाळल्या आणि आम्ही मोहरीच्या चटणीचे ठिपके देऊन डोळे लावले. ठिपके वाकडेतिकडे पडल्याने एकही ममी भीतिदायक झाली नाही. सगळ्या चकण्या.

संध्याकाळी पाच वाजता शेजारची तीन मुलंही जेवायला आली. कुणी चेटकीण, कुणी सांगाडा. भाची डॉक्टरचा पांढरा कोट घालून बसली होती. तो वेष महिन्यापूर्वीच आणून ठेवला होता, आमच्या गोष्टीशी त्याचा संबंध नव्हता. पण आम्हांला तिच्याकडे पाहवेना आणि नजरही काढवेना. अर्ध्या तासात बत्तीसच्या बत्तीस भुतांचा फडशा पडला आणि मुलं पिशव्या घेऊन बाहेर पळाली.

परत आल्यावर आम्ही वस्तीतल्या अभ्यासिकेत हा प्रयोग केला. ओव्हन कुठला आणणार? मोठ्या कढईत तळाला दोन वाट्या जाड मीठ पसरलं, त्यावर तिवई ठेवली, झाकण घालून दहा मिनिटं तापवलं आणि ताटलीत मटकीच्या कोरड्या उसळीवर बटाट्याची भुतं बसवून वीस मिनिटं ठेवली. वरून सोनेरी होत नाहीत, पण घट्ट होतात. यंदा दूध बेतानेच घातलं. पोरांनी आपल्या हाताने भुतं केली, त्यांना नावं ठेवली आणि खाऊन टाकली. एकाने विचारलं, "सर, हे पोटात ओरडणार नाही ना?" सगळी हसली. भूत नसतं यावर त्या दिवशी आम्ही भाषण केलं नाही. फक्त अक्काची गोष्ट सांगितली. एस.टी.च्या हिशेबासकट.

पोरं पांगल्यावर मागे बसलेली एक म्हातारी पुढे आली. तिने एक भूत पदराखाली झाकून घेतलं. म्हणाली, "भाऊ, नातवासाठी नेते. चार दिस झाले, पोराचा ताप उतरंना." जरा थांबली. "दवाखाना कितीला उघडतो?"

आम्ही म्हणालो, "नऊला, मावशी. पण चार दिवसांचा ताप आहे, सकाळची वाट पाहायची नाही. मोठा दवाखाना रात्रीही उघडा असतो. चला, रिक्षा बोलावतो."