जहाजावरची शिकवणी

आमच्या पिंपरी-चिंचवडला कुणी शिकवण्यांचे गाव म्हटले, तर राग येण्याचे कारण नाही. निगडीपासून भोसरीपर्यंत कोणत्याही रस्त्याने जा. दर दहा पावलांवर एखादी पाटी तुम्हाला काहीतरी शिकवायला सज्ज उभी असते. गणित, शिवणकाम, केक, मोटार चालवणे, वजन उतरवणे आणि जर्मन भाषा! जर्मन कशाला, याचे उत्तर चाकणला गेल्यावर मिळते. ज्या चाकणच्या किल्ल्यावर १६६० साली फिरंगोजी नरसाळ्याने शाइस्तेखानाच्या अफाट फौजेला जवळजवळ दोन महिने झुंजवले, आणि पुढे ज्याची कीर्ती कांद्याच्या बाजारापुरती उरली, त्या चाकणच्या माळावर आता जर्मन मोटारींचे कारखाने उभे आहेत. पोटासाठी माणूस काय वाटेल ते शिकतो, हे मला ठाऊक होते. पण दारूत लिंबू किती पिळावे याचीही शिकवणी असते, ती भरसमुद्रात भरते, आणि सुटीवर निघालेले प्रवासी पैसे मोजून तिला बसतात, हे मात्र वयाच्या अडुसष्टाव्या वर्षापर्यंत माझ्या गावी नव्हते.

असणार तरी कसे? एका अंगाला देहू, दुसऱ्या अंगाला आळंदी आणि मध्ये आमचे घर. वडिलांच्या गळ्यात तुळशीची माळ. ‘दारू’ हा शब्द आमच्या घरात वर्षातून एकदाच, दिवाळीत निघायचा. तोही भुईनळ्याच्या संदर्भात! पुढे मी कारखान्यात लागलो आणि छत्तीस वर्षे लेथच्या आवाजात काढली. समुद्राशी माझा संबंध म्हणजे भाऊच्या धक्क्यावरून एकदा रेवसला जाऊन आलो तेवढाच.

यंदा आमच्या लग्नाला चाळीस वर्षे झाली. चिरंजीव चाकणला नोकरीला आहेत. त्याने आणि सूनबाईंनी परस्पर बेत ठरवला आणि एका रविवारी सकाळी चहाच्या कपाबरोबर माझ्यापुढे मुंबई-गोवा जहाजाची तिकिटे ठेवली. “बाबा, आता नाही म्हणू नका,” एवढेच तो म्हणाला. मुंबईहून गोव्याला बोटीने जाणे ही कोकणातल्या जुन्या मंडळींना काही नवलाची गोष्ट नव्हे. ती बोट बंद पडून तीसएक वर्षे लोटली, मग २०१८ साली कान्होजी आंग्र्यांची आठवण सांगणारी ‘आंग्रिया’ आली, ती दोनच वर्षांत थांबली. आणि २०२१ पासून दहा-अकरा मजल्यांची मोठी जहाजे या वाटेने जाऊ लागली. पूर्वीची माणसे बोटीने गावाला जात. हल्लीची माणसे बोटीवर बसायलाच बोटीवर जातात. गाव हे निमित्त!

दुसऱ्या दिवशी सकाळी खोलीच्या दाराखालून एक पत्रक आत सरकले. सहाला योगासने, अकराला हाउजी, दुपारी चारला ‘कॉकटेल बनवायला शिका.’ मी ते वाचून बाजूला ठेवले. सौभाग्यवतीने उचलले.

“जाऊ या की,” ती म्हणाली. “बघायला काय पैसे पडतात?”

“पडतात, आई,” मुलगा हसत म्हणाला, “आणि मी चौघांचे भरलेत.”

मग काय विचारता! भरलेले पैसे वाया घालवणे हे आमच्या घरात दारूहून मोठे पाप. चार वाजता आम्ही चौघे वरच्या मजल्यावर हजर झालो.

एक लांबलचक संगमरवरी ओटा. त्याच्या अलीकडे बारा-पंधरा प्रवासी, पलीकडे काळी बंडी घातलेला पंचविशीतला तरतरीत मुलगा. प्रत्येकापुढे एक झाकणाचे भांडे, बर्फ, लिंबू आणि पितळी रंगाचे एक छोटे माप. ते माप पाहून मला हसू आले. दोन शंकू टोकाला टोक लावून जोडलेले. थेट शंकराचा डमरू! एका बाजूला साठ मिलिलिटर, उलटे केले की तीस. आमचे मराठी कानावर पडताच त्या मुलाचा चेहरा उजळला. खेड तालुक्यातला, चाकणच्या अलीकडच्याच एका वाडीतला निघाला. “काकू, आमची निम्मी कांद्याची जमीन कारखान्यांत गेली,” तो सांगू लागला. “वाडीतली पोरं कंपनीत लागली. मला आवाज सोसत नाही. मी हॉटेलचं शिकलो आणि पाण्यावर आलो.”

शिकवणी सुरू झाली, आणि मी कधी पुढे सरकलो ते माझे मलाच कळले नाही. कारण तो शिकवत होता ते माझ्या ओळखीचे होते. दोन भाग मद्य, एक भाग लिंबाचा रस, एक भागाहून थोडा कमी साखरेचा पाक. आंबटगोड पेयांचा हा पाया. माप काठोकाठ भरायचे, अंदाजाने ओतायचे नाही. रस असेल तर भांडे जोरात हलवायचे. नुसती मद्ये असतील तर लांब चमच्याने सावकाश फिरवायचे, म्हणजे पेय गढूळ होत नाही. आणि बर्फ! मी समजत होतो की बर्फ गार असतो म्हणून पेय गार होते. तो मुलगा म्हणाला, “काका, बर्फ वितळतो म्हणून गार होतं.” खरेच की! एक ग्रॅम बर्फ वितळताना ऐंशी कॅलरी उष्णता शोषून घेतो, हे मी शाळेत पाठ केले होते. दहा-पंधरा सेकंद हलवले की पेय हवे तितके गार होते आणि तयार पेल्यात जवळजवळ पाव हिस्सा नुसते पाणी उतरते. ते पाणी म्हणजे भेसळ नव्हे, कृतीचाच भाग.

जहाज आणि मिश्रण यांची गाठ आजची नाही, हेही त्याने सांगितले. काही मी नंतर वाचले. सतराव्या शतकात ईस्ट इंडिया कंपनीचे खलाशी आपल्या किनाऱ्यांवर मद्य, साखर, लिंबू, पाणी आणि मसाला असे पाच जिन्नस कालवून पीत. त्या पेयाला इंग्रज ‘पंच’ म्हणू लागले, आणि तो शब्द आपल्या ‘पाच’वरून आला असे बहुतेक कोशकार मानतात, थोडे मानत नाहीत. १७४० साली व्हर्नन नावाच्या इंग्रज आरमारी अधिकाऱ्याने पाहिले की रोजची रम कोरी पिऊन खलाशी झिंगतात, डोलकाठीवरून पडतात. त्याने हुकूम काढला : रम पाण्यात मिसळूनच द्यायची. गोड लागावे म्हणून लिंबू-साखर घ्यायची मुभा दिली. ती रोजची रम इंग्रजी आरमारात थेट १९७० पर्यंत मिळत होती! मिश्रणाचा जन्म चैनीतून झाला असेल तसा शिस्तीतूनही झाला, हे वाचून माझ्यासारख्या कारखान्यातल्या माणसाला जरा बरे वाटले.

पण पूर्ण बरे वाटेना. लिंबू पिळणारे ते हसरे हात पाहताना मला दुसरेच दोन हात दिसू लागले होते.

१९५४ साली पेनिसिलिनचा सरकारी कारखाना पिंपरीत आला, १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ निघाले, आणि मग आमच्या पट्ट्यात गावोगावची पोरे येऊन दाखल झाली. त्यांतलाच एक माझ्या शेजारच्या लेथवर होता. साताऱ्याकडचा. तसला टर्नर मी पुन्हा पाहिला नाही. जॉबवरून अंगठा फिरवून तो मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा फरक सांगे, आणि मायक्रोमीटर लावला की तोच निघे. पगार सात तारखेला व्हायचा. त्या दिवशी सुटीच्या भोंग्याला फाटकाबाहेर काही बायका पदर खोचून उभ्या असत. नवरा गुत्त्याच्या वाटेला लागण्याआधी पगार हातात यावा म्हणून. त्याची बायकोही त्यांत असे. वहिनी आम्हाला पाहून मान फिरवीत, आम्हीही रस्ता बदलत असू. सगळ्यांना ठाऊक आणि कुणाच्याच तोंडी नाही, अशी ती गोष्ट होती. हळूहळू त्याचा अंगठा चुकू लागला. मग हात थरथरू लागले. त्याला जाऊन आता पंचवीसेक वर्षे झाली. शंभरावा भाग जाणणाऱ्या त्या माणसाला गुत्त्यात माप म्हणून नव्हतेच.

आणि हे सारे दारूबंदीच्या राज्यात! मुंबई राज्याचा कायदा १९४९चा. १९५० पासून बंदी पुरी लागू झाली. पुढे ती सैल झाली, पण महाराष्ट्रातल्या त्या कायद्याच्या नावात आजही दारूबंदीच आहे, आणि परवान्यावाचून पिणे हा कागदोपत्री आजही गुन्हा. अमेरिकेतही १९२० ते १९३३ बंदी होती, तेव्हा न्यू यॉर्कहून सुटणारी परदेशी जहाजे सागरी हद्द ओलांडली की बाटल्या उघडत. बंदीने पिणे थांबले किती, याचा हिशेब पंडितांनी करावा. मला एवढे दिसले की ते आडोशाला गेले, आणि आडोशाला कुणी मोजत नाही.

शिकवणी संपत आली तसे त्या मुलाने सांगितले, ज्याने त्याने एक पेला स्वतः करायचा आणि आपल्या माणसाला द्यायचा. सौभाग्यवतीने पदर खोचला. चाळीस वर्षे पन्हे आणि सरबत करणाऱ्या हाताला काय अवघड? साठ रम, तीस लिंबू, वीस पाक. “पाक एकतारी नाही वाटतं?” “नाही काकू, साखर विरघळली की पुरे.” “मग चिमूटभर मीठ घाल रे यात.” त्याने मीठ घालून नळीच्या टोकाने थेंबभर चाखले आणि म्हणाला, “काकू, हे मी पुढच्या वर्गाला शिकवणार!”

आता तो पेला द्यायचा कुणाला? मी घेत नाही. तिने तो सरळ मुलापुढे धरला.

मुलगा सदतीस वर्षांचा आहे. मित्रांबरोबर कधीमधी घेतो, हे आम्हाला माहीत आहे. आम्हाला माहीत आहे, हे त्यालाही माहीत आहे. पण आमच्यासमोर? त्याने माझ्याकडे पाहिले. सूनबाई समुद्र पाहू लागल्या. त्या क्षणी मला फाटकाबाहेर मान फिरवणाऱ्या वहिनी आठवल्या, आणि मी म्हणालो, “आईने मोजून दिलंय. घे.”

त्याने घेतला. अर्धा प्याला, “छान झालंय, आई,” म्हणाला आणि पेला खाली ठेवला. आमच्यात बोलणे सुरूच राहिले. चाकणच्या रस्त्यावर रोज दीड तास अडकतो, रातपाळीची माणसे मिळत नाहीत, डोके भणाणून जाते, असे बरेच काही तो त्या दिवशी बोलला. पेल्यामुळे बोलला असे मी म्हणणार नाही. लपवायचे काही उरले नाही म्हणून बोलला असावा.

मंडळी पांगल्यावर मी त्या मुलाला विचारले, “तू घेतोस का रे?”

त्याने कॉलर जरा बाजूला केली. आत माळ होती. “चाखावं लागतं, तेवढंच, काका,” तो म्हणाला. “पण आम्हाला यातलं सगळ्यात अवघड शिकवलं ते वेगळंच. ज्याला जास्त झालीय त्याला, त्याचा अपमान न करता, आता पुरे, असं कसं सांगायचं. आधी पाणी पुढे करायचं, गप्पा मारायच्या, काही खायला द्यायचं, सोबतच्याला खूण करायची.”

“हे आम्हाला का नाही शिकवलंस?”

“पत्रकात नसतं ते,” तो हसून म्हणाला.

खोलीत परतताना माझ्या मनात तेच घोळत होते. कायद्याने आम्हाला ‘पुरे’ तेवढे शिकवले, माप शिकवले नाही. जहाज माप शिकवते, ‘पुरे’ आपल्याजवळ ठेवते. दोन्ही धडे एका वर्गात शिकवणारी पाटी निगडीपासून भोसरीपर्यंत मला अजून दिसलेली नाही. ती शिकवणी बहुधा घरातच, एकमेकांच्या डोळ्यांसमोर घ्यावी लागते.

परत येताना सौभाग्यवतीने तो डमरू विकत आणला. तो आता आमच्या फडताळात वेलदोड्याच्या डबीशेजारी असतो. दिवाळीच्या फराळाला वहिनी दरवर्षी येतात, तशा यंदाही आल्या. चकलीबरोबर हिने त्यांच्यापुढे लालभडक, फेसाळ पेला ठेवला. वहिनींनी तो लगेच उचलला नाही. बाहेर फटाके वाजत होते.

“काय काय आहे गं यात?” त्यांनी विचारले.

ही त्यांच्याजवळ बसली आणि बोटांवर मोजून सांगू लागली. “कोकमाचं आगळ तीस, लिंबू पंधरा, साखरेचा पाक पंचेचाळीस, चिमूटभर मीठ. बाकी सगळं पाणी आणि बर्फ, वहिनी.”

वहिनींनी पेला संपवला, पदराने ओठ टिपले आणि म्हणाल्या, “मग आणखी एक कर.”