वीकेंडला रिलीज आहे

फेब्रुवारीतल्या त्या शनिवारी पहाटे मी घरी फोन करून सांगितलं, "वीकेंडला रिलीज आहे, यायला जमणार नाही." नाना म्हणाले, "बरं. काम आधी." आणि तासाभरात मी पुण्याहून नाशिकलाच निघालो. आमच्या गावापासून जेमतेम पस्तीस किलोमीटरवरच्या एका वायनरीत. वाइन टेस्टिंगला.

गाडीत आम्ही चौघं. माझा रूममेट, टीममधले दोघं आणि मी. टीममधली मैत्रीण क्यूएत आहे, त्यामुळे "टेस्टिंगचा अनुभव फक्त मला आहे" हा विनोद नारायणगावपर्यंत तीनदा झाला. दुसरा मित्र पीत नाही, म्हणून गाडी त्याच्याकडे.

मी 'नाशिकचा' आहे एवढंच या तिघांना माहीत होतं. हिंजवडीत तेवढं पुरतं. द्राक्षबाग आहे म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर फार्महाउस येतं. अवकाळी, गारपीट, उधारीवर माल उचलून गायब झालेला व्यापारी, हे सगळं जेवणाच्या टेबलावर समजावत बसायचा मला कंटाळा होता. खरं तर कंटाळा नव्हता, लाज होती. आणि घरची बाजू वेगळीच. नाना माळकरी. मुलगा वाइन पितो हे त्यांना सांगायची माझी हिंमत नव्हती. म्हणून इकडे अर्धं, तिकडे अर्धं. सहा वर्षं छान चाललं होतं.

वायनरी गंगापूर धरणाच्या बाजूला. गाइड मुलगी चुणचुणीत होती. युरोपात द्राक्षांची काढणी साधारण ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये होते, आपल्याकडे मात्र जानेवारी ते मार्चमध्ये, कारण इथे वेलीची छाटणी वर्षातून दोनदा करतात, असं ती सांगत होती. एप्रिलची खरड छाटणी आणि पावसाळ्यानंतरची गोडी छाटणी, मी मनातल्या मनात म्हटलं. ट्रॅक्टरमधून शिराजचे क्रेट उतरत होते. काळेशार, छोटे मणी, जाड साल, आत बी. लाल वाइनला रंग सालीतून येतो, म्हणून रस सालीसकट आंबवतात. पांढऱ्या वाइनसाठी आधी रस काढून साली बाजूला करतात. मित्र फोटो काढत होते. मी क्रेटकडे बघायचं टाळत होतो.

मग आलं ग्रेप स्टॉम्पिंग. लाकडी टबात द्राक्षं ओतलेली, वर गाणं लावलेलं. पॅंटी दुमडायच्या, पाय धुवायचे, टबात उतरून नाचायचं. "याची वाइन करत नाही हं, हे फक्त मजेसाठी," गाइड म्हणाली. तिघं उतरले. मीही बूट काढले, पाय धुतले, टबाच्या काठावर एक पाय ठेवला आणि तिथेच थांबलो. आमच्याकडे घडाला चुकून पाय लागला तर हात लावून तो कपाळाला लावतात.

"अरे, ये ना!"

"तुम्ही करा. आम्ही एकदा तुडवलीत," मी म्हणालो. "दीड एकर."

कसं तोंडातून गेलं कळलं नाही. पण गेलं. मग टबाशेजारच्या बाकावर बसून, पायांना साली चिकटलेल्या त्या तिघांना मी पहिल्यांदा सगळं सांगितलं.

२००१मध्ये राज्य सरकारनं द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं. जिल्ह्यात वायनऱ्या उभ्या राहू लागल्या, विंचूरला वाइन पार्क झालं. २००६मध्ये नानांनी एका कंपनीशी करार करून साडेतीनपैकी दीड एकरावर शिराज लावली. खायच्या द्राक्षाला मणी फुगवायला जीएच्या पाण्यात घड बुडवा, विरळणी करा, मग व्यापाऱ्याच्या दारात उभे राहा. वाइनच्या द्राक्षाला फुगवण नको, भाव करारात ठरलेला, साखर किती भरली त्यावर माल घ्यायचा. कंपनीच्या माणसानं नानांना बी चावून बघायला शिकवलं होतं. बी तपकिरी आणि कुरकुरीत लागली की माल तयार. नाना ते मला शिकवायचे. मी तेव्हा पाचवीत.

पहिला माल चांगला गेला. मग २००८ची मंदी आली, नोव्हेंबरमध्ये मुंबईवर हल्ला झाला, हॉटेलं ओस पडली, वाइन टाक्यांमध्येच राहिली. २०१०च्या काढणीला कंपनीचा माणूस दर आठवड्याला म्हणायचा, पुढच्या आठवड्यात. साखर चोविसाच्या पुढे गेली, मणी सुरकुतायला लागले. ही द्राक्षं बाजारात विकता येत नाहीत. बीवाली, जाड सालीची, कोण खाणार? वेलीवर सडू द्यावी तर शेजारच्या थॉमसनला रोग जाईल. शेवटी नानांनी स्वतःच्या पैशानं मजूर लावून घड कापून खाली टाकले. एप्रिलमध्ये वेली मुळासकट उपटल्या. त्या कामात आम्ही सगळे त्या चिखलातून चालत होतो. मी तेरा वर्षांचा होतो. त्या खोडांवर आईनं दोन हिवाळे पाणी तापवलं.

तिघं गप्प. मग क्यूएवाली म्हणाली, "गाव किती लांब आहे?"

"घरी रिलीज सांगितलंय."

"मग सांग, रोलबॅक झाला."

त्यानंतरचं टेस्टिंग ठरल्याप्रमाणे झालं. ग्लास फिरवायचा, नाक घालायचं, काय आठवतं ते सांगायचं. सॉव्हिन्याँ ब्लाँच्या ग्लासात कुणाला पेरू सापडला, कुणाला लिंबू. मला शेंडा खुडतानाचा हिरवा वास आला. कोवळे शेंडे दिवसभर खुडले की बोटांना रात्रीपर्यंत राहतो तो. मी तसं सांगितलं. गाइड म्हणाली, "वा! असं कुणी म्हणत नाही." कुणाकुणाचा हा रोजचा वास आहे, हे तिला सांगावंसं वाटलं, पण तिची पुढची बॅच उभी होती.

रविवारी सकाळी घरी पोचलो तेव्हा बागेत थॉमसनची काढणी चालू होती. पेठ-सुरगाण्याकडच्या बायका कात्र्या घेऊन घड उतरवत होत्या. नाना क्रेटमध्ये कागद अंथरत होते. त्यांनी मला पाहिलं, मागच्या तिघांना पाहिलं, आणि आईला हाक मारली, "अगं, चार ताटं वाढव."

जेवण झाल्यावर घोटाळा झाला. रूममेटनं भाबडेपणानं पिशवीतून शिराजची बाटली काढून नानांपुढे धरली. "काका, तुमच्यासाठी." मला जमिनीत शिरावंसं वाटलं. आई उठून आत गेली.

नानांनी बाटली हातात घेतली. लेबल वाचलं. अक्षर अक्षर लावून, "शि-रा-ज."

"कितीची?"

"नऊशे पन्नास," मी म्हणालो.

"एका बाटलीला माल किती लागतो?"

"किलोभर. थोडा जास्त."

त्यांच्या चेहऱ्यावर हिशेब दिसला. करार किलोला पस्तीस रुपयांचा होता. पण ते तसं काही बोलले नाहीत. म्हणाले, "उघडता येते का?"

मी म्हटलं, "नाना, तुमची माळ..."

"पीत नाहीये. उघड."

झाकण फिरकीचं होतं. स्टीलच्या पेल्यात दोन बोटं वाइन ओतली. नानांनी पेला नाकाशी नेला आणि बराच वेळ तसाच धरला. चार वर्षं शिराज पिकवली त्यांनी, पण तिची वाइन इतक्या जवळून कधी पाहिली नव्हती.

"हाच," ते म्हणाले. "घड खाली टाकले ना, तेव्हा तीन आठवडे अख्ख्या वावराला हाच वास होता. मला वाटायचं, सडल्याचा आहे." जरा थांबून म्हणाले, "म्हणजे माल चांगला होता आपला."

पेला त्यांनी माझ्या हातात दिला. मी प्यायचं की नाही, ते काहीच बोलले नाहीत. मित्रांना घेऊन बागेत गेले आणि बी नसलेल्या थॉमसनमध्येही माल तयार झाल्याचं कसं ओळखायचं ते दाखवू लागले. मी ओट्यावर बसून ती वाइन प्यायलो. चव कशी होती ते मला नीट सांगता येणार नाही.

निघताना डिकीत एक क्रेट चढला. नानांनी खिडकीतून आत डोकावून विचारलं, "रिलीज झाला का?"

"झाला."

"बरं. पुढच्या खेपेला रिलीज असला तरी आधी फोन कर. भाकरी जास्तीच्या टाकायला लागतात."