सुभेदार

आमच्या घरी त्याला टीव्ही असं कुणीच म्हणत नसे. तो सुभेदार. नाव अण्णांनी, म्हणजे आजोबांनी ठेवलेलं. सागवानी पॉलिशचं भारदस्त अंग, खाली चार तिरके पाय, पुढे दोन्हीकडून सरकणारं लाकडी शटर आणि त्या शटरला कुलूप. किल्ली अण्णांच्या जानव्याला. डोक्यावर आजीने विणलेला क्रोशाचा रुमाल. बटण दाबलं म्हणून हा लगेच उठणार नाही. पोटात व्हॉल्व्ह होते, ते तापायला हवेत. आधी नुसती घरघर, मग आवाज, आणि बातम्यांतल्या एखाद्या मंत्र्याचं उद्घाटन उरकल्यावर चेहरा. "सुभेदारांना जाग येतेय," अण्णा म्हणायचे, आणि पुरती जाग येईपर्यंत समोरच्यांनी गप्प बसायचं असा दंडक होता.

मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. पुढच्या वर्षी सिंहगडावरचा मनोरा मुंबईचे कार्यक्रम पुण्यात पोचवू लागला, आणि त्यानंतर केव्हातरी हे गृहस्थ कसबा पेठेतल्या आमच्या वाड्यात हातगाडीवरून दाखल झाले. तेव्हा टीव्हीला परवाना लागत असे आणि त्याचे पैसे पोस्टात भरावे लागत. परवान्याची भानगड सरकारने बंद केली तरी अण्णांनी ते पुस्तक रेशनकार्डाशेजारी जपून ठेवलं. सरकारचा काय भरवसा!

अँटेनाचं तोंड गडाकडे. गड जागेवरच होता, पण अँटेनावर कावळे बसत, पतंगाचा मांजा अडके, पावसाळ्यात ती आपसूक पर्वतीकडे वळे. मग दादा कौलांवर, मी जिन्यात, काकू पडवीत आणि आजी सुभेदारासमोर, अशी साखळी लागायची. "आलं का?" "आलं! नाही, गेलं!" "आता?" "मघाशी होतं तसं कर!" मघाशी म्हणजे नेमकं केव्हा, यावरून वरून खाली आणि खालून वर शब्द जायचे. शेवटी आजी म्हणायची, "राहू दे, बोलतोय तरी." तिला रेडिओची सवय होती.

त्याची दुखणी घरात सगळ्यांना पाठ होती. मुंग्या येणं हे सर्दीपडशासारखं, त्याचं कुणी मनावर घेत नसे. संध्याकाळी पेठेतले दिवे लागले की विजेचा दाब उतरायचा आणि चित्र चारी बाजूंनी आकसायचं. मग स्टॅबिलायझर टक् करून त्याला थोडं फुगवायचा. कधी चित्राच्या तिरप्या पट्ट्या व्हायच्या, कधी ते वर पळायला लागायचं. पळालं की मागच्या बाजूची होल्डची घुंडी फिरवायची. ती फक्त दादाच्या बोटांचं ऐकत असे. आणि उजव्या अंगाला, वरून वीतभर खाली, एक जागा होती. तिथे तळहाताने थाप मारली की बिघडलेलं चित्र सुधारायचं. मेकॅनिक म्हणायचा, "ड्राय सोल्डर आहे, थापेने जोड टेकतो." अण्णांना हे कारण पटत नसे. त्यांच्या मते सुभेदाराला मधूनमधून आठवण करून द्यावी लागते, बस.

आणखी एक गोष्ट फक्त आम्हा पोरांनाच ठाऊक होती. आवाज पूर्ण बंद असला तरी सुभेदार बारीक शिट्टी घालायचा. एका सेकंदात १५,६२५ ओळी आखताना त्याच्या पोटातला ट्रान्सफॉर्मर तेवढ्याच वेगाने थरथरे, आणि तो सूर इतका वरचा की वय झालेल्या कानांना पोचत नाही. आम्हाला तो जिन्याच्या तळाशी ऐकू यायचा. आमची अंथरुणं लागल्यावर अण्णा आवाज शून्यावर ठेवून बातम्या बघत. भिंतीपलीकडून ती शिट्टी येत राहायची, आणि आजीला सांगावं तर ती म्हणायची, "कुठे काय, मला तर काही ऐकू येत नाही." लहानपणी भीतीसाठी याहून जास्त काय लागतं?

बंद केल्यावरही तो लगेच जात नसे. चित्र मिटून पडद्याच्या मधोमध एक पांढरा ठिपका उरायचा आणि बराच वेळ तसाच बघत राहायचा. आतली ट्यूब अजून तापलेली, तिच्यातला झोत सुटतोय पण त्याला इकडेतिकडे फिरवणारं कुणी नाही, एवढंच त्याचं कारण. हे मला कॉलेजात कळलं. तोवर मी त्या ठिपक्याकडे पाठ करून कधीही खोलीबाहेर गेलो नाही.

तर असा हा इसम आम्हाला भुतांचे सिनेमे दाखवी. दाखवी म्हणजे काय, त्यात स्वतः काम करी. शनिवारच्या मराठी सिनेमात 'हा खेळ सावल्यांचा' लागला तेव्हा पडद्यावर इतक्या मुंग्या होत्या की नरसूचं भूत आलं कधी आणि गेलं कधी याचा पत्ता लागेना. काकू म्हणत होती, "ते बघ, झाडामागे." झाड कुठलं तेही दिसत नव्हतं. त्या रात्री परसातल्या प्रत्येक झाडामागे ते होतं.

माणसांच्या मागे सावली पडायची ती निराळी. सिंहगडाहून सरळ आलेली लहर आणि एखाद्या टेकडीवर आपटून आलेली लहर अशा दोन्ही अँटेनात शिरतात. दुसरी दीड किलोमीटर जास्त चालली असेल तर ५ मायक्रोसेकंद उशिरा पोचते. तेवढ्यात पडद्यावर रंगवणारा झोत रुंदीच्या जवळजवळ दहाव्या हिश्श्याइतका पुढे सरकलेला असतो. म्हणून प्रत्येक माणसाच्या उजव्या खांद्याशी त्याचाच फिका जुळा उभा. १९८५ साली रामानंद सागरांचं 'विक्रम और बेताल' सुरू झालं. अरुण गोविल विक्रम, सज्जन नावाचा नट बेताल. सगळ्या देशात राजाच्या पाठीवर एक बेताल होता, आमच्याकडे दोन. चित्र पळायला लागलं की विक्रमाचे पाय वर, मध्ये काळी पट्टी आणि तिच्याखाली मुंडकं. झाडाला उलटा लोंबकळणारा बेताल त्यापुढे सभ्य वाटायचा.

पण सुभेदाराने खरी कमाल केली ती काकाच्या लग्नात. सत्यनारायणाच्या रात्री भाड्याने व्हीसीआर आणला होता. बरोबर कॅसेटी. आजीसाठी 'जय संतोषी माँ', सर्वांसाठी एक विनोदी सिनेमा, आणि दादाने वर्तमानपत्रात गुंडाळून आणलेला 'पुराना मंदिर'. तुलसी आणि श्याम रामसे यांचा हा १९८४ चा सिनेमा. प्रमाणपत्र प्रौढांसाठीचं. प्रौढ मंडळी पंगती वाढून दमली होती आणि संतोषीमातेच्या मध्यावरच आडवी झाली. उरलो आम्ही, सतरंजीवर एका चादरीत.

सामरी नावाचा सैतान राजा हरिमानसिंगाच्या तावडीत सापडतो. राजा त्याचं शिर उडवतो, आणि शिर एकीकडे व धड दुसरीकडे ठेवून देतो. सैतान मरता मरता शाप देतो तो राजाच्या लेकीसुनांना. सामरीचं काम अनिरुद्ध अग्रवालने केलं होतं. हा उंचापुरा माणूस मुळात रुरकीला शिकलेला सिव्हिल इंजिनिअर. त्याचा चेहरा एकदा पाहिला की विसरता येत नाही. कॅसेट कॉपीची कॉपी होती. रंग सुभेदाराला ठाऊकच नव्हता, त्यामुळे रक्त काळं आणि ज्वाळा पांढऱ्या. ट्यूबही एव्हाना थकलेली, उजेडातल्या चेहऱ्यांवर चांदीचा वर्ख चढायचा. शिर धडावेगळं करण्याची आज्ञा झाली आणि नेमका त्याच क्षणी होल्ड सुटला. धड वर, शिर खाली, मध्ये हातभर रुंद वाटणारी काळी पट्टी, आणि ते सगळं हळूहळू वर सरकतंय. शिर वरच्या कडेतून नाहीसं होई आणि खालून पुन्हा उगवे. ओरडत होतं तसंच.

आम्ही ते सिनेमाचंच समजलो. दादासुद्धा. म्हणून कुणी घुंडीला हात लावला नाही. पुढे कितीतरी प्रसंग तसेच फिरत राहिले. शेवटी पाणी प्यायला उठलेल्या आजीने जाता जाता उजव्या अंगाला एक थाप दिली. सामरी एकदम अखंड, चौकटीत नीट उभा राहिला, आणि तो एक राकट केसाळ माणूस होता. धाकट्या आतेभावाने त्याच वेळी भोकाड पसरलं, पण ते झोपेमुळे असावं.

हे सिनेमे काढणाऱ्यांचं घराणंही मुळात दुरुस्तीवाल्यांच्या गल्लीतलं. फत्तेचंद रामसिंघानी यांचं कराचीत रेडिओचं दुकान होतं. फाळणीनंतर ते मुंबईत लॅमिंग्टन रोडवर आले आणि तिथेही त्यांनी दुकानच टाकलं. आमचा मेकॅनिक ज्या लॅमिंग्टन रोडचं नाव घेऊन महिनाभर पार्ट आणायचा राहायचा, तोच हा. ("तपकीर गल्लीत नाही मिळणार हो, मुंबईहून आणावा लागेल.") सात भाऊ सिनेमात उतरले. गंगूकडे कॅमेरा, किरणकडे आवाज, कुमारकडे लिखाण. १९७२ चा 'दो गज ज़मीन के नीचे' त्यांनी महाबळेश्वरला जाऊन सगळ्या घरादारासकट काढला, स्वयंपाकही घरच्याच बायकांनी केला. आपल्या समीक्षकांनी या मंडळींची कायम टर उडवली. मला ते पटत नाही. अंधार, धूर आणि एक करकरणारं दार एवढ्या भांडवलावर त्यांनी जो धंदा केला, तो मोठमोठ्या बॅनरना जमला नाही. त्यांना कमी पडला असेल तर एक सुभेदार.

तसं म्हणायला कारण आहे. नव्वदच्या दशकात आमच्याकडे रिमोटवाला रंगीत टीव्ही आला. १९९३ मध्ये झीवर त्याच रामसेंचा 'झी हॉरर शो' सुरू झाला. पहिली गोष्ट 'दस्तक', तिच्यात पंकज धीर आणि अर्चना पूरणसिंग. चित्र स्वच्छ, अँटेनाऐवजी केबल. मी उशी कवटाळून बसलो आणि मला मुखवट्याची गळ्याजवळची कड दिसली, धुरामागचा हिरवा दिवा दिसला, नखं चिकटवलेली दिसली. पंकज धीर घाबरत होता, मी नव्हतो. सुभेदाराने त्यातलं निम्मं गाळलं असतं. उरलेल्या निम्म्याचं काय करायचं ते आमच्यावर सोडलं असतं. 'पुराना मंदिर'ची लख्ख प्रत अलीकडे मी रंगीत, सलग, एकदाही न पळता पाहिली. त्यात जगदीपची विनोदी ठिगळं किती लांबलचक आहेत हेच प्रथम कळलं. त्या रात्री ती आली असतील तेव्हा आम्ही चादरीत होतो.

रंगीत टीव्ही आल्यावर सुभेदार शटर मिटून कोपऱ्यात बसला. वर इस्त्रीचे कपडे. अण्णा गेले, किल्ली देवघरात गेली. वाडा बिल्डरला द्यायचं ठरलं तेव्हा मेकॅनिकला बोलावलं. त्याने मागचा पुठ्ठा काढला. आत बोटभर धूळ, पालीची अंडी आणि एक विणकामाची सुई. "याचं काय राहिलंय आता," म्हणत मी हात घालायला गेलो तर तो खेकसला. वीज काढली तरी पिक्चर ट्यूब भार धरून ठेवते, आणि चालताना तिच्यात दहा-पंधरा हजार व्होल्ट असतात. सुभेदाराची वायर पिनवरून काढूनही फार दिवस झाले नव्हते, कारण आजी कधीकधी दुपारी उगाच लावून मुंग्या बघत बसायची. त्याने स्क्रूड्रायव्हरला वायर बांधली, ती चासीला टेकवली आणि टोक ट्यूबच्या रबरी टोपीखाली सरकवलं. चट्ट करून निळी ठिणगी पडली.

आजी पाटावरून म्हणाली, "अजून जीव आहे मेल्यात."

"एलओटी ट्रान्सफॉर्मर आणि कॉइल माझ्या कामाची आहे, आजी," मेकॅनिक म्हणाला. "साठ रुपये देतो. ट्यूब नको मला."

"शंभर," आजी म्हणाली. "आणि नेशील तर सगळाच ने, असा कापून नाही."