ऊन पाणी

कोणतेही काम घडू लागले की त्याच्या कडेने काहीतरी सांडतेच. दिवा लावावा तो उजेडासाठी; पण त्याची काचही तापते. सुताराला पाट हवा असतो; पण त्याच्या रंध्याखाली ढलप्यांचा ढीग साचतो. आपले लक्ष कामाकडे लागलेले असते. सांडलेल्याकडे पाहण्याची सवड सहसा कोणाला नसते. मला ती सवय लावली एका पिठाच्या गिरणीने.

माझे बालपण शहागंजात गेले. शहराचे नाव तेव्हा औरंगाबाद होते. आज ते छत्रपती संभाजीनगर झाले आहे. घड्याळाचा मनोरा, अठराव्या शतकातील मशीद आणि भोवती पहाटेपासून गजबजणारा बाजार, असा तो परिसर. आमच्या गल्लीच्या तोंडाशी ही गिरणी होती. तिचे जाते तेलाच्या इंजिनावर चाले. छपरावरच्या नळकांड्यातून 'पुक् पुक्' असा आवाज निघू लागला, की गल्ली जागी होई.

इंजिनाशेजारी एक हौद होता. हौदातून दोन नळ इंजिनाकडे जात. एक वरून, एक खालून. आत तेल जळून धातू तापे. त्याच्याभोवतीचे पाणी ती उष्णता घेऊन हलके होई आणि वरच्या नळाने हौदात येई. त्याची जागा घ्यायला खालच्या नळाने थंड पाणी इंजिनात शिरे. पंप नाही, चाक नाही. केवळ ऊन पाणी वर चढते आणि गार पाणी खाली बसते, एवढ्या नियमावर हा प्रवास अखंड चाले. तास-दीड तासात हौदावर वाफ तरंगू लागे.

थंडीच्या दिवसांत त्या हौदाभोवती बादल्यांची रांग लागे. गिरणीवाल्या काकांनी पाण्याला कधी पैसा घेतला नाही. त्यांचा नियम मात्र कडक होता. "एक बादली ऊन न्यायची, तर आधी एक बादली गार ओतायची!" लहानपणी मला तो त्यांचा कंजूषपणा वाटे. पुढे कळले, की त्या नियमात केवढा शहाणपणा होता! ऊन पाणी उचलले आणि गार पाणी ओतले, की इंजिनही थंड राही. म्हणजे घेणारा उपकृत होत नव्हता आणि देणाऱ्याचे काही कमी होत नव्हते.

माझ्या आजीचे सांधे थंडीत धरत. ऊन पाण्याने शेकल्याखेरीज तिला उठवत नसे. आमच्या घरी जळण मोजून आणले जाई. आजीसाठी दोन वेळा पाणी तापवायचे, म्हणजे स्वयंपाकाच्या लाकडांत काटकसर करावी लागे. त्या हौदाने ही चिंता मिटवली. बाजारात पोती वाहणारे एक वृद्ध हमाल होते. सारी गल्ली त्यांना 'मामू' म्हणे. काम आटोपून ते गिरणीमागच्या दगडावर बसत आणि खांद्यावर ऊन पाण्याचे तांबे ओतून घेत. मला बादली उचलताना पाहिले, की म्हणत, "बेटा, जपून. पोळेल."

शास्त्राचा हिशोब असा आहे : इंजिनात जळणाऱ्या तेलाच्या शक्तीपैकी साधारण एक-तृतीयांश भागच प्रत्यक्ष कामी येतो. जवळजवळ तेवढाच भाग धुराबरोबर जातो आणि तितकाच थंड करणाऱ्या पाण्यात उतरतो. एक लिटर डिझेल जळताना पाण्यात उतरणाऱ्या उष्णतेने सुमारे 100 लिटर पाणी 25 अंशांनी तापू शकते. आमची गल्ली दळणाच्या तेलावरच स्नान करीत होती!

पुढे गिरणीला विजेची मोटर बसली. धूर गेला, आवाज गेला, दळण लवकर होऊ लागले. काकांचा खर्च वाचला, आणि त्याचा आम्हांला आनंदच झाला. पण दुसऱ्या दिवशी सकाळी कोरड्या हौदाजवळ काही बादल्या येऊन उभ्या राहिल्या होत्या. तक्रार कोणापाशी करणार? जे कधी विकत घेतले नव्हते, त्याच्या हानीची नोंद कोणत्याच वहीत होत नाही. त्या हिवाळ्यात आमच्या चुलीला अधिक लाकडे लागली, एवढे खरे.

पुष्कळ वर्षांनी मी रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात मासेमारीच्या नौका पाहात उभा होतो. एका नौकेच्या कुशीतील नळातून गरम पाणी समुद्रात पडत होते. मला आमचा हौद आठवला. सागरी इंजिनांच्या माहितीत पुढे वाचनाने भर पडली. अनेक नौकांत पाण्याचे दोन फेरे असतात. आतल्या फेऱ्यात गोडे पाणी इंजिनाभोवती फिरते; बाहेरच्या फेऱ्यात समुद्राचे पाणी येऊन त्याची उष्णता घेऊन जाते. दोन्ही पाण्यांच्या मध्ये धातूची भिंत असते. त्यांची भेट होत नाही, उष्णतेची देवघेव मात्र होते. आतले ऊन पाणी एका टाकीतील वेटोळ्या नळीतून फिरवले, की टाकीत स्नानाचे पाणी तापते; खोलीतील नळ्यांतून फिरवले, की खोली उबदार होते. इंग्लंडच्या कालव्यांतून फिरणाऱ्या लांबट नौकांत अशी सोय असते. मोठ्या जहाजांवर तर याच उष्णतेने, हवेचा दाब कमी करून, खारे पाणी उकळतात आणि त्यापासून गोडे पाणी मिळवतात. मात्र येथेही काकांसारखा एक कडक नियम असतो. इंजिन पुरेसे तापल्याखेरीज झडप पाण्याला बाहेर सोडत नाही. कारण फार गारठलेले इंजिनही नीट चालत नाही. आधी कामाचे भागावे, मग उरलेले वाटावे.

ही दृष्टी आमच्या शहराला नवी नाही. तेथील पाणचक्की पाहा. दूरच्या डोंगरातून नहरीने आलेले पाणी चक्र फिरवून धान्य दळी. दळण झाले, की तेच पाणी विस्तीर्ण हौदात साठे. त्या हौदाचा तळ म्हणजे खालच्या दालनाचे छत. त्यामुळे भर उन्हाळ्यात वाटसरूंना तेथे गारवा मिळे. एकाच पाण्याने दळले, साठून राहिले आणि छायाही दिली! ज्याने ते बांधले, त्याने पाणी पुढे कोठे जाते हे विचारले असले पाहिजे. नवे यंत्र घरी आणताना आपण ते काय देईल हे विचारतो. जुने काढताना ते कोणाला काय देत होते, हेही एकदा विचारावे.