उन्हाळ्यातली लोकर

चंद्रपुरात लोकर घ्यायची ती वैशाखात. बाहेरगावच्या माणसाला हे सांगितलं तर त्याला आपली चेष्टा चालली आहे असं वाटतं. मे महिन्यात जिथे पारा ४७-४८ अंशांवर जाऊन बसतो, तिथल्या बायका मांडीवर लोकरीचे गुंडे घेऊन बसतात, यावर कोण विश्वास ठेवणार? पण हिशेब अगदी साधा आहे. अकरा वाजले की रस्ते ओस पडतात. दारं-खिडक्या लावलेल्या, कूलर सुरू आणि घरची सगळी माणसं एकाच खोलीत. संध्याकाळपर्यंत कुणी कुठे जायचं नाही, कुणी यायचं नाही. वर्षभरात बाईला एका जागी बसू देणारे तास ते एवढेच. थंडीत कोण विणत बसेल? थंडीत धान घरी येतं, मंडई म्हणजे गावची जत्रा भरते, नाटकं असतात, पाहुणे असतात. थंडीत स्वेटर घालायचा, विणायचा नाही.

अर्थात कूलरच्या दमट हवेत बोटं घामेजतात आणि लोकर सुईवरून सरकेनाशी होते. त्यावर आमच्या सासूबाईंचा उपाय म्हणजे बाळाची पावडर. बोटांना लावायची, सुयांनाही लावायची. त्यामुळे आमच्या घरातल्या प्रत्येक स्वेटरला पहिली धुलाई होईपर्यंत तान्ह्या बाळाचा वास येतो, मग तो साठीच्या मामंजींचा का असेना.

हे शहर वाढलं ते कोळशावर. कोळशाच्या खाणी, औष्णिक वीज केंद्र, बल्लारपूरचा कागद कारखाना, भद्रावतीची आयुध निर्माणी. देशभरातून माणसं आली आणि त्यांच्या बायकांबरोबर सुया आल्या. दोन सुयांवरचं आमचं विणकाम बरंचसं या वसाहतींमधल्या उत्तरेकडच्या शेजारणींनी शिकवलेलं आहे. म्हणून आमच्याकडे नमुन्यांना पुस्तकी नावं नाहीत. खाणवालीची वेणी, सरदारीणबाईंची पानं, भद्रावतीच्या वहिनींची जाळी. त्यातल्या कित्येक जणी नवऱ्याच्या बदलीबरोबर कधीच निघून गेल्या. त्यांची नावंही आता नीट आठवत नाहीत, पण वेणी कितव्या ओळीला वळवायची ते हातांना पाठ आहे.

क्रोशा मात्र सासूबाईंचा स्वतःचा, माहेराहून आणलेला. साखळी, मुका खांब, खांब या तीन गोष्टींवर त्यांनी अख्खं घर झाकलं. त्यांच्या रुखवतात पांढऱ्या दोऱ्याची तोरणं आणि ताटांवरचे रुमाल होते. पुढे रेडिओवर, मग टीव्हीवर झाकण आलं. टीव्ही चपटा झाला तेव्हा ते झाकण बेवारस झालं आणि काही दिवसांनी इन्व्हर्टरवर दिसू लागलं. ‘आता एक माझ्यावरही घाल,’ असं मामंजी दर वर्षी म्हणतात. सासूबाई दर वर्षी त्यांच्याकडे मापं घ्यावीत तशा बघतात.

घरात बसून विणण्याला कुणी ध्यान-धारणा म्हणू लागलं की मला हसू येतं. मन एकाग्र होतं, शांत होतं, वगैरे. आमच्याकडे त्रेचाळीस, चव्वेचाळीस म्हणेपर्यंत ‘आई, माझा कंपास कुठंय?’ येतं आणि पुन्हा एकपासून सुरुवात. कुकरच्या शिट्ट्या आणि सुईवरची घरं एकाच वेळी मोजणारी बाई ध्यानस्थ नसते. मला या कामाचं प्रेम आहे ते वेगळ्याच कारणासाठी: ते थांबतं. पोळी तव्यावर थांबत नाही, दूध थांबत नाही, मूल तर नाहीच नाही. अर्धवट ओळ मात्र सुई गुंड्यात खोचून ठेवली की तशीच राहते. चार दिवसांनी उचला, रुसलेली नसते. चुकलं तर उसवता येतं, आणि उसवलेली लोकरही लोकरच राहते. दिवसभराच्या कामांत असं दुसरं काम मला सापडलेलं नाही.

या विणकामाचं प्रदर्शन भरतं ते झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या या जंगलपट्ट्याच्या, नाटकांत. दिवाळी झाली की गावोगाव मंडई सुरू होते आणि मंडईच्या रात्री नाटक. कंपन्यांचं मुख्य ठाणं वडसा, म्हणजे देसाईगंज. तिथून ट्रकमध्ये सामान भरून नाटकं चंद्रपूर-गडचिरोलीच्या खेड्यांत जातात आणि रात्री उशिरा सुरू झालेला प्रयोग उजाडेपर्यंत चालतो. याच रंगभूमीवर आयुष्य घालवलेल्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा या भागात घरोघरी आनंद झाला होता. भोवती धानाच्या बांध्या, पलीकडे तलाव, त्यामागे जंगल. मध्यरात्रीनंतर गारठा जमिनीतून वर चढतो, आणि ज्यांनी मे महिन्यात विणलेलं असतं त्यांचं तेव्हा फावतं. कानटोप्या, मफलर, शाली, स्वेटर. मंचावर नायिका आक्रोश करत असते, बायका पदर डोळ्यांना लावत असतात आणि माझी नजर पुढच्या ओळीतल्या बाईच्या पाठीवर: दोन सुलट, एक उलट, मग हे भोक कसं पाडलं असेल? एक नमुना पाठ करायला अख्ख्या रात्रीचं नाटक पुरतं. शेवटी खलनायकाचं काय झालं ते घरी जाताना विचारून घ्यायचं.

आणि बाळंतविडा. टोपडं, मोजे, कुंची, दुपटं. हे सगळ्यांत लहान विणकाम आणि सगळ्यांत घाईचं, कारण त्याची तारीख आपल्या हातात नसते. आमच्याकडे म्हाताऱ्या बायका भर मे महिन्यातल्या बाळालाही टोपडं बांधायला बघतात. त्यावर माझं आणि त्यांचं दरवेळी वाजतं. त्या उकाड्यात बाळाला सुती झबलंसुद्धा जड होतं. मार्गशीर्षातल्या बाळाची गोष्ट मात्र निराळी. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने ३९ गावांमध्ये नवजात बाळांची काळजी घरातच घेण्याची पद्धत उभी केली. गावातल्याच बायकांना शिकवलं: श्वास कसा बघायचा, जंतुसंसर्ग कसा ओळखायचा, अंगावरचं दूध कसं सुरू करायचं आणि बाळ उबदार कसं ठेवायचं. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्याचे निष्कर्ष आले. त्या गावांतले नवजात बाळांचे मृत्यू तीन वर्षांत साठ टक्क्यांहून अधिक घटले होते. यश त्या सगळ्या गोष्टींचं मिळून होतं, टोपड्याचं नव्हे, हे मला कळतं. तरी कमी वजनाच्या बाळाचा देह किती पटकन गार पडतो आणि त्याचं डोकं अंगाच्या मानाने केवढं मोठं असतं, हे वाचल्यापासून मी टोपडी जरा कानांवर येतील अशी विणते.

तलावाकाठच्या गावात ढिवर पुरुष अंगणात बसून मासोळीचं जाळं विणताना दिसतात. एका खुंटीला दोरा, हातात चपटी सुई, गाठीमागून गाठ. येणारे-जाणारे त्याला धंदा म्हणतात. शेजारच्या ओट्यावर बोटांच्या त्याच चलाखीने विणणाऱ्या बाईला विचारतात, ‘टाइमपास चालला का?’

इथली वैनगंगा खाली जाऊन वर्धेला मिळते, प्राणहिता होते, सिरोंच्याजवळ गोदावरीत शिरते. ते पाणी आंध्रात जिथे समुद्राला भेटतं, तिथल्या मुखाजवळ नरसापूर आहे. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी तिथल्या बायकांना क्रोशाची लेस शिकवली आणि त्यातून परदेशी जाणाऱ्या मालाचा मोठा व्यापार उभा राहिला. मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८२ साली त्यावर पुस्तक लिहिलं. व्यापारी पैसे कमावत होते. बायका दिवसाचे कित्येक तास सुई चालवून अगदी क्षुल्लक मजुरी घेत होत्या, कारण त्या ‘घरीच तर असतात, रिकाम्या वेळात करतात’ असं सगळे धरून चालले होते. त्या बायकाही. २०२४ साली या लेसला भौगोलिक मानांकन मिळालं. चांगलं झालं, उशिरा झालं. मी हौसेनं विणते, मला कुणी मजुरीवर बसवलेलं नाही. पण माझे ते दुपारचे तास रिकामे असतात, हे मात्र मी कुणाला म्हणू देत नाही.

गेल्या मे महिन्यात नणंदेची मुलगी सुट्टीला आली होती. टोपड्यांचे फोटो काढत म्हणाली, “मामी, इन्स्टाग्रामवर टाकते. दोनशे रुपये लिहू?” मी म्हटलं, “लिही. पण आधी एक तू विण.” दुपारभर ती बसली. दोनदा तिची घरं सुटली, एकदा चहा करायला उठावं लागलं, एकदा धाकट्याने गुंडा दिवाणाखाली नेला. संध्याकाळी चार बोटं टोपडं झालं होतं. तिनं फोनमधला आकडा खोडला आणि सहाशे लिहिलं.

सासूबाईंनी चष्म्यावरून बघितलं. “एवढे पैसे देऊन कोन घेते बाप्पा?”

“आणि नाही घेतलं कुणी तर, आजी?”

“मंग घालतीन ना आपलेच लेकरं.”