न खुडलेले फूल

हवाईतल्या मावी बेटावर उतरताच गळ्यात हार पडला, तो आपल्या देवचाफ्याचा! पण हा चाफा तिथेही पाहुणा आणि आपल्याकडेही. त्याचे माहेर अमेरिका खंड. मला हवे होते त्या मातीचे स्वतःचे फूल.

ते भेटले ३०५५ मीटर उंच हालेआकाला ज्वालामुखीवर. तांबड्या राखेत रुपेरी पात्यांचा गेंद : अहिनाहिना. कित्येक वर्षे ते नुसते वाढते, एकदाच किरमिजी फुलांचा पुरुषभर तुरा काढते आणि बी टाकून मरते.

“आठवणीला एक पान घेऊ या की!” सौ. म्हणाली.

शेळ्यांपायी आणि अशाच आठवणींपायी हे झाड एकेकाळी नामशेष व्हायला आले होते. मी तसे सांगताच पुढे झालेला हात तिने मागे घेतला आणि दुरूनच जोडला.