अ‍ॅट द रेट

कीबोर्डवर दोनच्या डोक्यावर याचं बिऱ्हाड. शिफ्ट दाबल्याशिवाय स्वारी बाहेर पडत नाही. पोटात छोटासा इंग्रजी ‘ए’, आणि त्याचीच शेपटी त्याच्याभोवती वेटोळं घालून बसलेली. एवढीशी अंगकाठी, पण नाव मात्र ऐसपैस: अ‍ॅट द रेट.

हे नाव आपल्याकडचं. अमेरिकेत त्याला नुसतं ‘अ‍ॅट’ म्हणतात. त्यामुळे तिकडच्या माणसाला फोनवर ‘कुलकर्णी अ‍ॅट द रेट’ सांगितलं, की तो बिचारा पुढे एखादा भाव ऐकायला मिळेल म्हणून थांबतो. बाकीच्या जगात अनेकांनी त्याच्या रूपावरून नावं ठेवली. इटलीत तो गोगलगाय, रशियात कुत्रा, हॉलंडात माकडाची शेपटी. चेक लोकांनी तर त्याला मुरवलेल्या माशाची गुंडाळी केलं! आपण मात्र त्याचा धंदा लक्षात ठेवला.

आणि धंदा होताच. 1536 साली फ्रान्चेस्को लापी नावाच्या फ्लॉरेन्सच्या व्यापाऱ्याने सेव्हिलहून रोमला पाठवलेल्या पत्रात तो दारूच्या मापासाठी आलेला आहे. पुढे इंग्रजी हिशेबवह्यांत नग आणि भाव यांच्या मधली जागा त्याने धरली: बारा डझन पेन्सिली, डझनाला अमुक दराने. कॉमर्सवाल्यांना तो घसाऱ्याच्या गणितात भेटतो. आपल्या ‘द.सा.द.शे.’चा हा विलायती मावसभाऊच म्हणायचा.

1971 मध्ये रे टॉमलिन्सन या अमेरिकन इंजिनिअरने त्याची बदली टपालात केली. एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर निरोप धाडायचा, तर माणसाचं नाव कुठे संपतं आणि यंत्राचं कुठे सुरू होतं हे दाखवायला खूण हवी, तीही कुणाच्या नावात न येणारी. हा कीबोर्डवर जवळपास रिकामाच बसला होता. नव्या नोकरीत त्याचं काम फक्त ‘अमुक ठिकाणचा’ एवढं सांगायचं. दराचा काही संबंध उरला नाही, पण आपण जुना हुद्दा काढून घेतला नाही.

शुद्धतेचे कैवारी यावर हसतात. हसोत. फोनवर नुसतं ‘अ‍ॅट’ म्हणून पाहा; पलीकडे ‘आठ’ ऐकू येतं, आणि पत्त्यात आठाचा आकडा जाऊन बसतो. ‘अ‍ॅट द रेट’ म्हटलं की एसटी स्टँडच्या कोलाहलातही गफलत होत नाही. अर्थाला लटकं, पण कामाला चोख नाव आहे हे. फॉर्म भरताना कुणी त्याची अक्षरंच एकापुढे एक टाइप करतो, तेव्हा मात्र मेल कुठेच पोचत नाही.

पासवर्डमध्ये त्याला वेठीला धरलेलं वेगळंच. ‘एक तरी विशेष चिन्ह हवं’ असा हुकूम आला, की स्वतःचं नाव, हा, आणि एक-दोन-तीन. चोरालाही पाठ झालंय.

2016 मध्ये यूपीआय आलं आणि तो पुन्हा पैशाच्या व्यवहारात रुजू झाला. एका बाजूला खातेदाराचं नाव, दुसऱ्या बाजूला बँकेची खूण, मध्ये हा. भाजीच्या गाडीवरच्या क्यूआर कोडखालीही बारीक अक्षरांत छापलेला असतो. तिथे त्याला कुणी हाक मारत नाही. सगळे नुसतं स्कॅन करून मोकळे होतात.